चौथी जागा

४ ऑगस्ट, पहाटे
आजपासून रोजनिशी. संकल्प: पाचला उठणे, गुडघ्याला तेल लावणे, यंदा तालुका खो-खो जिंकणे. आमच्या जिल्हा परिषद हायस्कूलला सगळा औसा तालुका खो-खोची शाळा म्हणून ओळखतो. मी तरी ओळखतो. (पहाट म्हणजे पावणेआठ. काल पाहुणे होते.)

५ ऑगस्ट
मैदानावर हजेरी. नऊच्या नऊ हजर. राखीव कोणी नाही, ते लातूरला क्लासला गेले. जाऊ देत. आठ बसायला, एक पळायला, झालं काम. चौथ्या जागेवर आपला प्रीतम. उन्हाळ्यात विहिरीत बुडाला, पण जागा त्याचीच. पोरांनीच पद्धत पाडली. त्याचं नाव घेतलं की सगळ्यांनी मिळून "हाजर, सर!" शाळेची परंपरा अशीच तयार होते.

९ ऑगस्ट
आठवीतला मलप्पा आला. म्हणाला, "सर, मला घ्या की टीममदी. लई पळतो मी." पळतो खरा. पण टीम फुल आहे, म्हणून परत पाठवला. शिस्त म्हणजे शिस्त. बेटा तिथंच कंपाउंडच्या भिंतीवर बसून राहिला.

१४ ऑगस्ट
मुख्याध्यापिका कुसुम मॅडमनी बोलावलं. यंदा तालुक्याला नाव निघालं नाही तर खो-खो बंद, त्या तासाला स्कॉलरशिपचा वर्ग. मी हसलो. "नऊ पोरं आहेत ना?" म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, एकदा हजेरीला येऊन ऐका. आल्या नाहीत. बायांना खेळाची आवड कमीच.

२० ऑगस्ट, सायंकाळी
पोरं चौथी जागा टाळून पुढच्याला खो देतात. रागावलो. कॅप्टन आलोकला सांगितलं, तिथंच खो दे. त्यानं दिला आणि रडायला लागला. डोळ्यात माती गेली असणार.

आणखी एक. हल्ली प्रीतमच्या नावाला एकटाच कोणी तरी "हाजर" म्हणतो. हळूच. आवाज बसलेला, शिट्ट्या फुंकून माझा बसलाय तसा. कोण म्हणालं विचारलं, तर सगळे पायाकडं बघतात. पाण्याच्या टाकीवरून आवाज घुमत असेल. संकल्प: भ्यायचं नाही.

२७ ऑगस्ट
बसस्टँडवर प्रीतमचे वडील केरबा भेटले. वाटलं, त्यांना समाधान होईल, म्हणून सगळं सांगितलं. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "सर, पोराला असं उन्हात बसवून नका ठिवू. उठू द्या आता त्याला." बापाचं काळीज. पण खेळातलं कळत नाही त्यांना. मागून खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाउल होतो.

३ सप्टेंबर, दुपारी
औसा. पहिलाच सामना. समोरच्या शाळेच्या पोरांच्या पायात बूट. आपण अनवाणी, म्हणजे अर्धा सामना जिंकलेलाच. पंचांनी मोजलं. आठ. "नववा कुठाय?" म्हटलं, हजेरी घेतो, ऐका. घेतली. पंच माझ्याकडंच बघत राहिले. मग नियम सांगितला आणि समोरच्यांना पुढं चाल दिली. पोरं खेळलीच नाहीत. हा पंच मूळचा क्रिकेटवाला, मला आधीच शंका होती.

त्याच दिवशी, एसटीत
आलोकला शेजारी बसवलं. म्हटलं, खरं सांग, प्रीतमचा हाजर कोण म्हणतंय? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमी तर कव्हाच बंद केलं, सर. तुमीच नाव घेता, तुमीच हाजर म्हणता. आमाला वाटलं, सरांना म्हणू द्यावं."
तिकीट कुठं ठेवलं ते सापडेना.

४ सप्टेंबर
खो-खो बंद. नोटीस लागली.
शाळा सुटल्यावर मैदानावर गेलो. आठ नावं घेतली, कोणीच नव्हतं. नववं घेतलं आणि तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. काहीच ऐकू आलं नाही. टाकीवरून नाही, कुठूनच नाही. माझं लेकरू होतं ते. फार आठवण येते.

मग चौथ्या जागेच्या मागं गेलो आणि हळूच म्हटलं, "खो."

खो देणाऱ्यानं त्या जागी बसायचं, हा नियम. बसलो. गुडघा धरला, उठता येईना. शेवटी भिंतीवरून मलप्पा उतरून आला. काखेत हात घालून त्यानं मला उभं केलं.
"सर, टीम फुलच हाय का अजून?" त्यानं विचारलं.
नाही म्हणालो.