दोराच्या दुसऱ्या टोकाला

२ नोव्हेंबर, रविवार

हे नाही म्हणजे नाहीच म्हणतात! विहिरीत कॅमेरा नको. "खाली काय हाय बघाया? गाळ अन् बेडकं."

वा रे वा! मग मी पंचवीस वर्षं काय धरून बसले? हे विहिरीत बुडी मारून लोकांच्या पडलेल्या मोटरी काढतात आणि मी काठावर दोर धरून बसते. एक टोक ह्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या मुठीत. खालून एक हिसका आला की 'ठीक आहे', दोन आले की 'ओढ'. तो एक हिसका येईपर्यंत मी श्वासच घेत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. हे दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देत नाहीत. गावात हसतात — शलमोन बायकोला बांधून उतरतो म्हणे! हसू देत.

पण आता संपलंच ते. गेल्या महिन्यात वर आले ते नाकातून रक्त गळतच. जास्मिनने पुण्याहून फोनवर वचन घेतलं — नाताळच्या आत विहीर बंद. लेक नर्स आहे, तिच्यापुढे बापाचं चालत नाही. फक्त गावातल्या काकासाहेबांची विहिरीत पडलेली मोटर राहिली आहे, तो शब्द दिलेला. तेवढी एक शेवटची.

म्हणजे त्या दिवशी नाही पाहिलं, तर दोराच्या त्या टोकाला काय असतं ते मला कधीच दिसणार नाही. पोहता येत नाही मला. आणि पाहायचं तर आहे!

५ नोव्हेंबर, बुधवार

जास्मिनचा फोन. "मम्मी, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवू नकोस हं!" तोच विचार चालला होता माझा. हे लगेच म्हणाले, "पिशवी बरी की." ह्यांना मेलं काहीही चालतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या हट्टापुढे शेवटी नमले. दोघं नगरला जाऊन आलो. एस.टी.त उभ्यानेच. चितळे रोडवरच्या दुकानात फैयाज असतो, आमच्या जास्मिनच्या वर्गातला. "या काकू, लग्नाची शूटिंग का?" म्हटलं, नाही बाबा, तुझ्या काकांची. विहिरीतली!

त्याने आधी मोठा हँडीकॅम काढला, वर काचेची जाड पेटी. तो डोक्यावर बांधला तर मानच मोडायची. मग एक काडेपेटीएवढा इवलासा काढला, पोरं गाडीवर लावतात तसला. त्यात माझं शूटिंग करून दाखवलं, तर नाक भाकरीएवढं! नको गं बाई.

फैयाज सगळं मीटरात बोलतो. म्हटलं, परसात सांग. आपल्याकडे विहीर परसानेच मोजतात, माणूस हात वर करून उभा राहील तेवढा एक परस. काकासाहेबांच्या विहिरीला या वर्षी पाच परस पाणी आहे. बिचारा हिशेब करत बसला. एक स्वस्तातला होता, तो तीन परसापर्यंतच टिकणारा. ह्यांनी नेमका तोच उचलला. "ह्योच घिऊ."

"अहो, तिसऱ्या परसाला मरेल तो!"

"मरू दे की. तवर दिसंल तेवढं दिसंल."

असा राग आला! एवढा कवडीचुंबक माणूस नाही हा. शिवणाचे पैसे माझे, म्हणून निवड माझीच. चष्म्याच्या घराएवढा आहे, अंगचाच दिवा, सहा परस खाली चालतो, लाल बटण दाबलं की सुरू. फैयाजने तीनदा बजावलं — बॅटरीचं दार नीट लावा, त्याच्या कडेचं रबर स्वच्छ ठेवा.

येताना गाडीत ह्यांनी बसस्टँडवरून घेतलेले पेरू पुढे केले, मीठ लावून. राग गेला माझा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डोक्याला बांधायचा पट्टा शिवला. जुनी जीन्स, रुंद इलास्टिक, हनुवटीखाली बंद. घालून आरशात बघून हे म्हणतात, "मुंडावळ्या कुटं हायत?"

ह्यांचा कमरेचा पट्टाही तपासला. सहा वर्षांमागे शिवलेला, दोराची कडी त्यालाच. एवढ्या बुड्या मारल्या, ओढाताण झाली, पण कडीपाशी एक टाका उसवलेला नाही! अशी शिवण गावात दुसऱ्या कुणाची असेल तर दाखवावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बादलीत बुडवला आणि बुडबुडे! दारातून एकामागे एक! झटकन काढला, पुसला, उन्हाच्या कडेला ठेवला, फैयाजला फोन लावला. "काकू, शिवणाच्या मशीनजवळ उघडला का?"

उघडला होता. रबरात एक लाल धागा अडकलेला. चर्चच्या पाळकांच्या बायकोच्या ब्लाऊजचा! रडू आलं मला. आणि हे? चेहऱ्यावर सुटल्यासारखं! "ऱ्हाऊ दे आता. नशिबात न्हाई म्हणायचं." म्हटलं, नशीब गेलं खड्ड्यात!

संध्याकाळी चालू झाला. देवा, उपकार झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हौदात सराव. हे डोक्याला बांधून खाली बसले, वर आले, दोघांनी मिळून पाहिलं. हौदाचा तळ, ह्यांची बोटं, जास्मिनची लहानपणी हरवलेली पितळी वाटी! मग कॅमेरा उलटा धरला तर गाल हे एवढे फुगलेले. हसून हसून पोटात दुखलं. या वयात असं हसायला मिळतं, आणखी काय पाहिजे माणसाला! फार गोड माणूस आहे माझा, तोंडावर सांगत नाही एवढंच.

मग एकदम म्हणाले, "दये, समदं दिसतं का गं यात?"

"सगळं."

"बरं," म्हणाले आणि कान चोळत उठले. कान दुखतोय का विचारलं. नाही म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार

काकासाहेबांचा निरोप — शनिवारी या.

६ डिसेंबर, शनिवार

झालं. शेवटचं.

सकाळी विहिरीच्या पाण्यावरून वाफा येत होत्या. काकासाहेबांनी तीन बांबूंचा घोडा उभा करून साखळी लावून ठेवलेली. मी कॅमेरा बांधला, लाल बटण दाबलं. हे माझ्याकडे बघत राहिले. "बघायचंच हाय ना? बघ. पर मागनं भांडायचं न्हाई." म्हटलं, भांडू कशाला? दोर कडीत अडकवला आणि उतरले.

चार बुड्या मारल्या. दरवेळी तेच — पाणी मिटलं की माझी छाती बंद. काकासाहेब काहीतरी विचारत होते, मला ऐकूच येत नव्हतं. आणि मग मुठीत तो एक हलका हिसका. ठीक आहे! चौथ्यांदा आला तेव्हा कळलं की हा शेवटचा. रडले मी. सगळ्यांसमोर. काकासाहेब म्हणाले, "वहिनी, मोटर तर निघाली की!"

त्यांच्या मंडळींनी जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. घरी येईस्तोवर कॅमेऱ्याची बॅटरी बसली. चार्जिंगला लावला आहे. उद्या उपासनेहून आल्यावर पाहू.

७ डिसेंबर, रविवार

पाहिलं. दोनदा पाहिलं.

तळाला गेल्या गेल्या हे दोर कडीतून काढतात आणि मोटरीच्या पायपाला बांधतात! मग मोकळे होऊन गाळात हात घालतात. मधेच काम टाकून मागे फिरतात, दोराला एक हिसका देतात, पुन्हा गाळात. वर यायच्या आधी दोर परत कडीत. चारही बुड्यांना तेच.

पंचवीस वर्षं मी पाईप धरून बसले होते!

भांडले. कडाकडा भांडले. "अडकतो गं दोर," म्हणाले. "लग्नानंतरच्या सालीच गुरफटलो हुतो, मरता मरता वाचलो. तवापासनं सोडतो." मग हिसका द्यायला कशाला येत होतात? खाली दम काय फुकट मिळतो?

"तू वर श्वास धरून बसती न्हवं," म्हणाले. "तुला सोडवाया येत हुतो."