शेवटची नऊ सेकंदं

बाबा, तुमचा आवाज आईच्या प्लेअरवर वाजत नव्हता, तिथूनच सांगते. ज्या रेडिओ केंद्रावर तुम्ही दर गुरुवारी शेतकऱ्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायचात, त्यांनी जुने कार्यक्रम आता इंटरनेटवर ठेवलेत. तुमचे सव्वीस भाग सापडले, मी सगळे माझ्या फोनमध्ये उतरवून घेतले. आईचं डोकं गेल्या वर्षापासून विस्कटत चाललंय. मला कधी शेजारीण समजते, कधी तिची मोठी बहीण. दोनदा घरातून निघून गेली. तिसऱ्यांदा गेली तर तिला संस्थेत ठेवायचं, असं माझ्या नवऱ्याने स्पष्ट सांगितलंय. तो वाईट माणूस नाही, दमलाय. डॉक्टर म्हणाले, ओळखीचा आवाज कानावर राहू द्या, एका जागी बसतील. तुमच्यापेक्षा ओळखीचा आवाज मी कुठून आणणार होते?

फोनवर तुम्ही छान बोलत होतात. पण आईला फोन जमत नाही. तिला बरोबर नेऊन मी द्वारका चौकातल्या एका दुकानातून पाच मोठ्या बटणांचा, पेनड्राइव्ह लावायचा प्लेअर आणला होता. त्यात फायली टाकल्या तर 'नो फाइल'. मग मी शहाणपणा केला. फायलींच्या नावातली शेवटची अक्षरं पुसून तिथे 'एमपी३' टाइप केलं. पडद्यावर सेकंद पळायला लागले, आवाज मात्र काहीच नाही. आई त्या पळणाऱ्या आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "कोन हाय आत?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुकानदार हसला. "ताई, पाटी बदलली म्हणून दुकान बदलतं का? आतला माल तोच आहे ना. कन्व्हर्ट करा." घरी येऊन कॉम्प्युटरवर त्या खरोखर बदलून घेतल्या, तर तुम्ही बारीक चिरक्या आवाजात, एका दमात, कांदाचाळीत हवा कशी खेळती ठेवायची ते सांगायला लागलात. मला हसू फुटलं. आईने कान झाकले. "हे ते नाय. ह्याला घालव." मी परत दुकानात. रेकॉर्डिंग जुनं, त्याचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती तुकडे टिपले तो आकडा, कमी, आणि हा स्वस्तातला प्लेअर एकच रेट ओळखतो, म्हणून आवाज पळवतो. कन्व्हर्ट करताना चव्वेचाळीस हजार शंभर निवडा, असं त्याने कागदावर लिहून दिलं. सव्वीसही भाग पुन्हा केले. बटण दाबलं, तुम्ही घसा खाकरलात, आणि आईने पदर डोक्यावर घेतला.

त्या आठवड्यात तिने मला दोनदा नावाने हाक मारली. मी मोरीत जाऊन रडले, आनंदाने. मग गुरुवार आला. संध्याकाळी दुकानदाराचा फोन. आई द्वारका चौकातल्या बसस्टॉपवर उभी होती, हातात तुमची छत्री. मी धावत गेले तर माझ्यावरच चिडली. "आज गुरुवार हाय ना. ते निघाले तिथून. म्हनले ना तसं." रेकॉर्डिंगहून परतताना तुम्ही तिथेच उतरायचात, हे ती विसरली नव्हती. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तुम्ही म्हणताच की, "बरंय मंडळी, निघतो आता. भेटू पुढच्या गुरुवारी." नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही.

ते वाक्य मी कसं विसरले, बाबा? तुम्ही तीन-तीन भाग एकदम रेकॉर्ड करून ठेवायचात. मंगळवारी तुम्ही गेलात आणि गुरुवारी साडेसहाला आपल्या घरात तुमचा आवाज सुरू झाला. घर माणसांनी भरलेलं. कुणाचीही रेडिओ बंद करायची छाती झाली नाही. आई भिंतीला टेकून ऐकते आहे, आणि तुम्ही शेवटी "भेटू" म्हणता तेव्हा ती हलकेच मान हलवते. मी तेव्हा तिच्याजवळ बसले होते. मला त्या मानेची भीती वाटली होती, अजून वाटते.

म्हणून आईला बसस्टॉपवरून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्या भागांची शेवटची नऊ सेकंदं कापली. कापताना तुमचं रागावणं आठवत होतं. स्वयंपाकघरात पत्रांची पिशवी ओतून तुम्ही बसायचात आणि मी एकेक वाचून दाखवायचे. देवळ्याच्या एका शेतकऱ्याचं चाळीत सडणाऱ्या कांद्याबद्दलचं पत्र होतं. प्रश्न वाचून झाला आणि मी ते बाजूला टाकलं. तुम्ही कधी आवाज चढवत नसायचात, त्या दिवशी चढवलात. "अगं, शेवटपर्यंत वाच! माणूस खरं काय ते शेवटी लिहितो." खाली त्याने लिहिलं होतं, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिलं.

आता आई बाहेर जात नाही. नवरा म्हणतो, बघ, लागू पडलं की नाही. पण तुम्ही 'निघतो' म्हणतच नाही ना! एक भाग संपतो, दुसरा सुरू होतो, आणि आतल्या खोलीत, प्लेअर ठेवलाय त्या तुमच्या खुर्चीतून तुम्ही उठतच नाही. आईने त्या खोलीचं दार लोटून घेतलंय. तुमचा चहा खुर्चीसमोर ठेवते, त्याच्यावर साय धरते. मी मोठ्याने बोलले की ओठांवर बोट ठेवते. आणि तुमच्या आधी ती कधी जेवली होती? आजही नाही. "त्यांचं बोलनं होऊ दे. ते उठल्याबिगर मी कशी बसू ताटावर?" मी भरवायला गेले तर तोंड मिटून घेते. चार दिवस ती चहावर आहे. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. प्लेअर बंद केला तर ओरडते. ती नऊ सेकंदं परत जोडली तर ती छत्री घेऊन निघेल. नाही जोडली तर हे असं. कॉम्प्युटर उघडून मी नुसती बसते.

या पाकिटावर पत्ता नाही घातला, कुठला घालणार? तुमच्या पत्रांच्या पिशवीतच ठेवते. खरं ते शेवटी लिहितात म्हणालात, म्हणून लिहिते. आज दुपारी आईचं ताट घेऊन त्या खोलीत जाताना मी आधी दार वाजवलं. आणि तुम्ही 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबले.