लोखंडाची हाव

आई, आज आमच्या लॅबमध्ये लोखंडाने कॅन्सरची पेशी मरताना पाहिली, आणि पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सवय जात नाही. लोखंडाचे हे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. कॅन्सरची पेशी लोखंडाला हपापलेली असते, वाढायला तिला ते लागतंच; म्हणून हे कणही ती मुकाट्याने गिळते. मग ते आत विरघळतात आणि तिच्या आवरणातली चरबी खवट व्हायला लागते, जुन्या शेंगदाण्यांसारखी. मायक्रोस्कोपखाली आम्ही घातलेला रंग लालचा हिरवा होतो, पेशी फुगत जाते आणि बघता बघता फुटते. वीस वर्षं रसायनशास्त्रात काढूनही मी आ वासून बसले होते. ज्याच्यावर ती पोसली, त्यानेच तिला संपवलं! अजून सगळं काचेच्या बशीतच आहे, माणसांपर्यंत पोचायला खूप अवकाश आहे, पण काय विलक्षण आहे गं हे.

आणि तिथेच मला आपली कढई आठवली. तू कॅन्सरच्या आजारपणात माझ्याकडे राहायला आलीस, हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा मी नागपूरची लोखंडी कढई बॅगेत घालून बर्मिंगहॅमला आणली होती. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, काळी पडते, म्हणून तू मला जन्मभर रागावलीस. मी मात्र पालक मुद्दाम तिच्यातच तासभर ठेवायचे, लोखंड जास्त उतरावं म्हणून. अजून डोळ्यांसमोर आहे: फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म बोंबलतोय, तू शाल गुंडाळून टेबलाशी बसली आहेस.

"जिभेवर खिळा ठेवल्यासारखं लागतंय गं. नको मला."

"केमिस्ट्री तू शिकलीस की मी? आयर्न लो आहे तुझं. खा गपचूप."

मी तुझ्या आजारालाच तर भरवत नव्हते? राहवेना, म्हणून दुपारी एका मैत्रिणीला फोन केला. ती इथेच कॅन्सरचे पेशंट बघते.

"वेडी आहेस का? कढईतल्या तेवढ्याशा आयर्नने काहीच चेंज झालं नसतं. आणि त्यांना ॲनिमिया होता ना? स्वतःला ब्लेम नको करूस, प्लीज."

तिचं म्हणणं मला पटलं. ती बरोबरच आहे.

तरी बसने घरी आले, कोट न काढताच हे लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. लोखंडाचं ओझं आज उतरलं, त्याखालचं तसंच आहे. शेवटच्या महिन्यात तू ताट संपवायचीस ती मी चिडू नये म्हणून. तुला भूक नव्हती, आई, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.