बोअर ठरवण्याआधी

कोल्हापूर

प्रिय दानू,

तुझं पत्र तुझ्या बँकेतल्या मैत्रिणीनं, सुष्मितानं, घरी आणून दिलं. फोनवर हा विषय काढू नका असं लिहिलंयस, म्हणून मीही लिहायलाच बसलो. तुझ्या अव्वाला आधी एवढंच सांगितलं, की आपली लेक रिव्हॉल्व्हरचं लायसन काढायचं म्हणतेय. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला बंदूक कशाला? तिचं तोंड हाय की!" आणि भाकरी उलटून म्हणाली, "पर लगीन झाल्यापासनं ते तरी कुठं उघडती?"

तुमच्या लूमच्या कामगारांचा पगार तू इचलकरंजीच्या बँकेतून एकटी आणतेस, रस्त्यात भीती वाटते, तर बावीस बोअरचं घेऊ की बत्तीसचं, असं विचारलंस. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात माझी उमर गेली आणि आता इथल्या नेमबाजीच्या रेंजवर तेच शिकवतोय, तेव्हा मनापासून सांगतो. नऊ एमएमचा नाद सोड, ते आपल्यासारख्यांना मिळत नाही. बावीसचा धक्का कमी, नेम लवकर बसतो; पण अंगावर धावून येणारा तेवढ्यानं थांबेलच असं नाही. बत्तीसचा धक्का जास्त, तरी सरावानं तुझ्या मनगटाला पेलेल. पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर साधं. एखादी गोळी उडाली नाही, तर पुन्हा चाप ओढायचा. म्हणजे माझं मत बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला.

फक्त खंडेनवमीला ते अव्वाच्या हाती देऊ नये. माझ्या रिव्हॉल्व्हरला तिनं एका वर्षी हळद-कुंकू लावलं ते लावलं, वर दूधही शिंपडलं. गोळ्यांचं चक्र पार चिकटून बसलं. मला ते कळलं संक्रांतीला! तोवर मी मोठ्या रुबाबात ते कमरेला लावून गुळाच्या बाजारात हिंडत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. रेंजवर कुणीही बोअर विचारायला आला, की मी आधी विचारतो, धोका किती अंतरावरून येणार? त्यावरच पुढचं सगळं ठरतं. तुझ्या पत्रात ते अंतर शोधत बसलो आणि माझा चहा गार झाला. बंद खोलीत आवाज किती होईल, असं विचारलंयस. शेजारी झोपलेल्या लेकीच्या, चिन्नूच्या कानाला इजा होईल का? उशीखाली ठेवलं तर अंधारात पटकन हाताला लागेल का? पगार लुटणारा रस्त्यात गाठतो, बाळ. तो उशीपाशी येत नाही.

मग मी अव्वाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दिवाळीत पोरगी उकाड्यात लांब बाह्यांचं झंपर घालून बसलीती. मी इचारलं, तर हसली." मला फार राग आला, तुझ्या नवऱ्याचा आणि माझाही. मी तर दिवाळीभर त्याच्याशी सुताच्या भावावर गप्पा मारत बसलो होतो.

म्हणून हे पत्र. हातभर अंतरावर बावीस काय आणि बत्तीस काय, हत्यार शेवटी ज्याचं मनगट दांडगं त्याच्या हातात जातं, आणि मध्ये चिन्नू झोपलेली असते. तेव्हा लायसनसाठी मी तुला मदत करणार नाही. रविवारी सकाळी मी आणि तुझा भाऊ वीरेश गाडी घेऊन येतोय. तुम्हा दोघींचे कपडे आणि चिन्नूचं दप्तर तेवढं भरून ठेव. त्याआधी काही झालंच, तर रात्र असो की दिवस, तशीच उठून सुष्मिताकडे जा. तिच्याशी बोलून ठेवलंय. शिवशरणला तू काही सांगू नकोस. मी रिकाम्या हातानं येणार आहे आणि त्याच्याशी मीच बोलणार आहे. लग्नात तुझा हात मीच त्याच्या हातात दिला होता. तो परत मागायला येतोय.

तुझाच,
आप्पा