गप्प न बसलेला तुकडा

न्यू ऑर्लिन्स, ३ फेब्रुवारी

ति. यूलालीताईस रेमीचा सा. न. वि. वि.

ताई, तुझ्यासारखाच, शरीर स्वतःवरच उलटवणारा लुपस होणारे उंदीर आमच्या प्रयोगशाळेत आहेत. त्यांना अँफेटामाइन या उत्तेजकाच्या कुळातलं, भास घडवणारं एक द्रव्य दिलं. जास्त दिलं की भासाच्या भरात ते भिजल्यासारखी मान झटकतात. यावेळी इतकं थोडं दिलं की एकाचीही मान हलली नाही, आणि मूत्रपिंडांतली जळजळ मात्र शांत! डोकं फिरवणारंच आग विझवतं, आणि डोक्याला पत्ताही नाही.

तुझाच,
रेमी

ओपेलुसास, ११ फेब्रुवारी

चि. रेमीस अ. आ.

उन्हात निघता येत नाही, त्यामुळे मार्डी ग्राच्या सणाची मिरवणूक यंदाही पडद्याआडूनच. तोंडावर चट्टे होतेच, आता मूत्रपिंडही कुरकुरतंय. तेव्हा त्या द्रव्याची एक बाटली गुपचूप घेऊन ये, मी गंबोचं कालवण करून ठेवते. मान झटकायला लागले तर नाचतेय म्हणून खपून जाईल.

आणणार नाहीस, माहीत आहे. लहानपणापासून नाकासमोर चालणारा तू! मग ऐक. पुढच्या आठवड्यात माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला काढणार आहेत. उरलेला रेमीच्या प्रयोगशाळेत द्या, असं डॉक्टरांना सांगितलंय. औषध माझ्याकडे येत नाही ना, मग मीच थोडी औषधाकडे येते.

तुझी काळजी करणारी,
ताई

न्यू ऑर्लिन्स, २० एप्रिल

ति. ताईस सा. न.

बऱ्याच जणींचे तुकडे आले. नावं पुसून नुसते आकडे, नियमच आहे. तुझा कोणता ते कळायची सोय नाही, म्हणून सगळ्यांनाच मनात तुझ्या नावाने हाक मारली. त्या द्रव्याचा थेंब टाकला आणि एकेकातली जळजळ ओसरत गेली. ताई, मी प्रार्थनेला उभं राहावं तसा उठून उभा राहिलो. काचेच्या बशीतल्या तुकड्यावर जमलं ते जित्या अंगात जमेलच असं नाही. औषध व्हायला वर्षं जातील, झालं तर.

एक तुकडा मात्र मुळीच शांत झाला नाही. तो तुझा नसावा, एवढंच मागतोय.

रेमी

ओपेलुसास, २८ एप्रिल

चि. रेमीस अ. आ.

अरे, कुणी सांगितलं म्हणून गप्प बसायला मी कधी शिकले? तो तुकडा माझाच समज. दुसऱ्या कुणाचा असला तरी माझाच समज. बाकीच्यांचं कौतुक करायला पुष्कळ जण येतील, तू त्याच्यापाशी बस.

आज ढग होते, म्हणून भर दुपारी अंगणात गेले. तुझा तो थेंब आठवला आणि अंगावर काटा आला. एवढंसं काहीतरी, आणि आपल्या आतलं भांडण ओळखतं! केवढं नवल आहे हे.

माझ्यावर तुझा लोभ आहेच, तोच त्या तुकड्यावरही राहू दे.

तुझी,
ताई