दारातला पाइन

पोर्टलंड, ४ ऑक्टोबर १९२७

ती. लव्हिनाताईस,
एसाचा सा. न. वि. वि.

वादळात तुझ्या पाइनची फांदी छप्पर फोडून थेट स्वयंपाकघरात आली, हे मला तुझ्या शेजारच्या ओबेडकडून कळावं? एल्ब्रिजदाजींनी ते रोप भिंतीलगत लावलं तेव्हाच मी म्हणालो होतो, हे झाड ताडमाड वाढतं, लांब लावा. दाजी म्हणाले, एवढंसं तर आहे. आता दाजी नाहीत आणि झाड चर्चच्या मनोऱ्याच्या वर गेलंय. पुढच्या वादळात अख्खं तुझ्या अंगावर येईल. ओबेडला करवत घेऊन पाठवतोय. त्याला बीन्स खाऊ घालून वाटेला लावू नकोस. मला एकच बहीण आहे.

राग नसावा, लोभ असावा.
तुझा एसा

बेलोज क्रॉसिंग, १९ ऑक्टोबर

चि. एसास अनेक आशीर्वाद.

ओबेड आला. बीन्स दोनदा घेतले, काकवीशी ब्रेड खाल्ला आणि करवतीला धार नाही म्हणून गेला. वर सांगून गेला, पाइनची आतली सुयांसारखी पानं पिवळी पडून गळतायत, झाड काही जगत नाही. जन्म इथे गेला, पण पाइन दर ऑक्टोबरात जुन्या सुया टाकतो हे या बाबाला ठाऊक नाही. तुझे केस गळले म्हणून मी तुझं सुतक धरलं का?

एल्ब्रिज गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं ते झाडच तेवढं उरलंय. ते मी तोडू देणार नाही. पण घर आणि झाड एका जागी नांदणार नाहीत, हे तुझं खरं. जमीन गोठली की ये. जुने हातमोजे आण.

प्रकृतीस जप.
तुझी ताई

पोर्टलंड, १२ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

कंबर धरून लिहितोय. हातमोजे आण म्हणालीस, अख्खं लाकडी घर झाडापासून लांब ओढायचंय हे म्हणाली नाहीस. खाली वंगण लावलेले ओंडके, पुढे ओबेडचे बैल, मागे ढकलायला मी, आणि तू आत बसून खिडकीतून हुकूम सोडतेस. मी बर्फात आडवा झालो, तर तुला कौतुक बीन्सचा हंडा सांडला नाही याचं. संडास जुन्याच जागी राहिला, तो आता तुझा तू बघ. पण ताई, त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

कळावे.
तुझा एसा

बेलोज क्रॉसिंग, ८ मे १९२८

चि. एसास आशीर्वाद.

संडासापर्यंतची चाल तब्येतीला मानवली. दार उघडलं की झाड शेंड्यापर्यंत दिसतं. इतकी वर्षं नुसता बुंधा बघत होते. एल्ब्रिज हवा होता रे.

नव्या जागी दार भुंडं वाटत होतं. म्हणून त्याच पाइनखाली उगवलेलं एक रोप आणून पायरीशी लावलं. ओबेड म्हणाला, लांब लाव. मी म्हटलं, एवढंसं तर आहे.

बैल मात्र विकू नकोस, म्हणून ओबेडला सांगून ठेवलंय. लोभ आहेच, तो वाढव. कंबरही सांभाळ.

तुझी ताई