बूट चावू नयेत म्हणून

ती. बाबांना, लांबूनच वाकून नमस्कार.

रविवारी कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर डोंगरातली घळ पार करायला जाणार आहे. काळजी नको, वाट मळलेली आहे आणि गर्दी तर जत्रेसारखी असते. नवे बूट चावू नयेत म्हणून आठवडाभर ते घालूनच भांडी घासते. खालच्या काकूंनी विचारलं, “वर घोडा पाळलास का?”

एकच आहे, घळीत अर्ध्यावरून परत फिरता येत नाही. हे आईला सांगू नका.

ताई म्हणते, ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही पलंग सोडत नाही. अहो, नवा गुडघाही बुटांसारखाच असतो, घरात वापरल्याशिवाय मऊ कसा होईल? रविवारी मी घळीत शिरले की तुम्ही काठी घेऊन फाटकाकडे निघा.

आणि अर्ध्यावरून परत फिरायचं नाही.

तुमची हट्टी,
धाकटी